हाताच्या मलमाची डबी

“जीभ नको सिस्टर, हात दाखवा.”

मालननं डोळे वटारले. शिरूरच्या त्या छोट्या खाजगी दवाखान्यात नर्स म्हणून लागल्यापासून तिचा हात असा कुणी मागितला नव्हता. समोरचा पोरगा मात्र कापसाचे बोळे आणि काचेच्या नळ्या घेऊन उभा. सोपान त्याचं नाव. दौंडचा, पुण्यात प्रयोगशाळेत नोकरीला. दोन रुग्णांच्या जखमा चिघळल्या होत्या, इंजेक्शनं लागू पडत नव्हती, म्हणून जंतू कुठून येतो ते शोधायला डॉक्टरांनी त्याला बोलावलं होतं.

“हात मागायची ही कुठली रीत?”

“आमच्या दौंडाकडं अशीच हाय…” तो म्हणाला खरा, पण कान लाल झाले.

कोपऱ्यातल्या खाटेवर सोजरबाई फिसकन हसली. ऊसतोडीत पायाला कोयता लागलेली म्हातारी. तिला मागंपुढं कुणी नव्हतं, म्हणून मालनलाच लेक म्हणायची. तिची जखम छान भरत आली होती.

थंडीत साबणानं मालनच्या हातांना भेगा पडलेल्या. सोपाननं बोळा फिरवला तो किती हळू! पुढच्या खेपेला त्यानं खिशातून मलमाची गुलाबी डबी काढली. “पुण्याहून आणली. हातांसाठी…”

मग काय विचारता! प्रत्येक ड्रेसिंगनंतर ती हात धुवायची, आणि पुसायच्या आधीच ओली बोटं डबीत. तो लावतोय असंच तिला वाटायचं.

जंतूंच्या गोष्टीही तो रंगवून सांगायचा. “जंतूच्या पोटात एक इवलंसं कडं असतं. चार-चार औषधं पचवायची विद्या त्यात. एक जंतू दुसऱ्याला चिकटला, की त्या कड्याची नक्कल देऊन मोकळा.”

“म्हंजी लग्नाआधीच आंदण?”

“आंदण न्हाई… जीव लागला की माणूस देतोच की कायतरी.” यावर ती खाली बघून पट्टी गुंडाळत राहिली.

पण सोजरबाईच्या पायाला हिरवट पू आला. ताप उतरेना. सोपाननं नळ तपासला, बादली तपासली, कात्र्या तपासल्या. “त्या दोघांचाच जंतू हाय, तीच विद्या शिकलेला. धुऊन पुसलेल्या हातावर टिकत न्हाई. मग बसतो कुठं?”

मालनचं बोट तेव्हा डबीतच होतं. तिनं ते ओलं बोट बाहेर काढून पाहिलं. डबी घोड नदीत भिरकावली असती तर कुणाला कळलं असतं? नोकरी राहिली असती, आणि हा माणूसही. तिनं सोजरबाईकडं पाहिलं. मग डबी सोपानच्या हातावर ठेवली.

“ह्यातबी बोळा घाला.”

त्याचा चेहरा उतरला. त्यानं बोळा फिरवला.

तो तपासणीचं उत्तर घेऊन परतला तेव्हा सोजरबाईची खाट रिकामी होती. ती गेल्यावर तिचं अंग मालननंच पुसलं होतं. डबीत तोच जंतू निघाला. सोपाननं डॉक्टरांना सरळ सांगितलं, “डबी मी आणली होती. सिस्टरला बोलू नका.” डॉक्टरांनी त्याचं इथलं येणं बंद केलं.

ती त्याच्यामागं एसटी स्टँडवर गेली. आभाळ दाटलेलं, पुण्याची गाडी लागलेली.

“आणलीत तुम्ही. ओली बोटं माझी होती,” ती म्हणाली. “ती मला लेक म्हणत होती हो…” आणि इतका वेळ धरलेलं रडू फुटलं.

“मालन, मला तुम्ही आवडता. ही काय बोलायची वेळ न्हाई, पण परत यायला मिळंल न मिळंल…” त्यानं हात पुढं केला. “आता रीतसर मागतोय.”

ती वळली. सोपानला वाटलं, गेली. पण ती स्टँडच्या नळाशी थांबली. पिशवीतून साबणाची वडी काढली, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून हात धुतले. मग पदरानं कोरडे होईस्तोवर पुसले, आणि त्याच्या हातात ठेवले. भेगांतून रक्त आलं होतं.

“झोंबतंय?” त्यानं विचारलं.

“झोंबू द्या. आता काही लावायचं नाही.”

कंडक्टरनं घंटी मारली तरी त्यानं हात सोडले नाहीत.