बायकांचं औषध

"हे पत्र कधी आलं गं?"

सासूबाईंच्या हातात इस्पितळाचं पाकीट दिसलं आणि थोरल्या सुनेच्या काळजात चर्र झालं! कपाटाच्या फळीवरल्या कागदाखाली वर्षभर दडवलेलं... आजच का सापडावं मेलं!

दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा दीर भिंत रंगवताना शिडीवरून कोसळला. डोक्याला जबर मार लागला. डॉक्टर म्हणाले, "मेंदू वाचतो का हे बघायला आम्ही एक संप्रेरक देऊन पाहतोय. गरोदरपणी बायकांच्या अंगात वाढतं तेच. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं नुसतं पाणी. कुणाला काय मिळतं, आम्हालाही ठाऊक नसतं. पण सही आत्ता हवी." नवरा परगावी, सासूबाई घेरी येऊन पडलेल्या... सही तिनेच केली. दीर वाचला, पण जन्मदात्रीला ओळखेना, आणि वहिनीलाच "आई" म्हणू लागला! झालं! "बायकांचं औषध टोचून पोराचं डोकं फिरवलंस, माझं आईपण चोरलंस, सटवे!" उठता-बसता हाच जप, आणि ती बिचारी मूग गिळून गप्प.

सासूबाईंनी चष्मा सावरून पुन्हा वाचलं, "'आपल्या रुग्णास संप्रेरक दिले गेले नव्हते...' म्हणजे, पाणीच होतं ते? आणि तू वर्षभर माझ्या शिव्या खाल्ल्यास? फेकायचंस की हे माझ्या तोंडावर!"

तिने मान खाली घातली.

"औषधावर खापर फोडून तुम्हाला झोप तरी लागत होती, आई... ते काढून घेतलं असतं, तर तुमच्याजवळ काय उरलं असतं?"

सासूबाई मटकन खाली बसल्या. "त्या दिवशी... 'चहा निवतोय रे, लवकर ये!' म्हणून मीच खालून ओरडले... तो वळला, आणि..."

"ऐकलं होतं मी. स्वयंपाकघरातच होते."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून...! अगं, कुणाला बोलली नाहीस?"

"नाही."

म्हातारीने सुनेचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि हंबरडा फोडला. तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली, "आई... ए आई!"

सवयीने सासूबाई अर्ध्या उठल्या, थबकल्या. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "तुलाच बोलावतोय, जा. चहा मी टाकते... त्याला हाक मात्र तू मार."