मोठा श्वास

"तुमच्या अप्पांचा श्वास फार चांगला आहे, बाई. तीच तर पंचाईत आहे."

श्रीहर्ष माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. हुबळीच्या त्या हॉस्पिटलात तो सीटी स्कॅन चालवायचा. मी वेदश्री, हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडच्या शाळेत शिकवते. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फुफ्फुसात वाटाण्याएवढी गाठ होती, कर्करोगाची. हृदय कमजोर, म्हणून छाती उघडायची नव्हती. कातडीतून बारीक सुई गाठीपर्यंत न्यायची आणि सुईच्या तापल्या टोकानं ती जाळायची. सुई आत जाताना रोग्यानं दर वेळी सारखाच, साधा श्वास रोखायचा. नाहीतर गाठ जागची हलते.

आणि आमचे अप्पा म्हणजे केशवापूरच्या बागेत वर्षानुवर्षं प्राणायाम शिकवलेले. श्वास म्हटलं की त्यांची छाती भात्यासारखी फुगायची.

मग आमचा सराव सुरू झाला. घ्या... सोडा... थांबा. श्रीहर्षनं मलाही म्हणून बघायला सांगितलं. मी वर्गात म्हणते तसं म्हटलं, तर तो हसला.

"जरा हळू. या सुरात माझाच श्वास अडकेल."

"अडकू दे की," मी म्हटलं. "मशीन बंदच आहे ना?"

पण नेमक्या सुई घालायच्या दिवशी अप्पा घाबरले. सवयीनं मोठमोठे श्वास घेऊ लागले, आणि डॉक्टरीणबाईंनी सुई थांबवली. श्रीहर्ष बाहेर आला, मला काचेच्या खोलीत नेऊन माइकसमोर बसवलं. काचेतून अप्पांचे फक्त तळवे दिसत होते. मला रडू फुटत होतं — तरी म्हटलं, "अप्पा, घ्या... सोडा... थांबा."

पडद्यावर गाठ हवी तिथं येऊन थांबली. पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबली. त्या सगळ्या वेळात श्रीहर्षनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, नजर पडद्यावरून हलवली नाही. मला तो आवडला तो तेव्हा.

काही महिन्यांनी स्कॅन झाला. गाठीच्या जागी नुसता व्रण होता. आता सहा महिन्यांनी या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मला आनंद झाला, आणि लगेच वाईटही वाटलं. सहा महिने इथं यायला काही निमित्तच उरलं नव्हतं.

श्रीहर्ष रिक्षापर्यंत सोडायला आला. "वेदश्री..." म्हणाला, आणि एवढा श्वास भरून घेतला की गळ्यातलं ओळखपत्र वर उचललं गेलं.

अप्पांचा एक पाय रिक्षात होता. ते मागे वळले, धाकट्या भावाला हाक मारावी तसे म्हणाले,

"मोठा श्वास नको रे, तम्मा. नेहमीचा घे, सोड — आणि बोल."

त्यानं ऐकलं.

"सहा महिने माझ्यानं थांबवणार नाही," तो म्हणाला.

"मग रविवारी सकाळी बागेत या," मी म्हटलं. "मोठा श्वास तिथं चालतो."