हेंगकाकांना आणायला

सावोनमावशीला जंगलातल्या देवळात जायचं होतं, तेही पितरांच्या पंधरवड्यातच. म्हणजे ऐन पावसाळ्यात, गुडघाभर चिखलातून! पण तिचा हट्ट. युद्धाच्या धामधुमीत तिचा नवरा, आमचे हेंगकाका, त्याच देवळात लपलेले असताना तापाने गेले. ना भिक्षू, ना चिता.

"दरवर्षी विहारात त्याच्या नावाने भाताचा पिंड टाकते," मावशी म्हणाली. "पण युद्धानंतर आपण गाव बदललं. त्याला नवा पत्ता कोण सांगणार? तो उपाशीच हिंडत असेल रे! देवळाच्या दारात पिंड ठेवते आणि त्याला घेऊनच येते."

मग मीही निघालो. वाट दाखवायला चोमदादा आला. तो झाडांची राळ काढतो. बोलतो कमी, खेकसतो जास्त.

ट्रॉली जोडलेला हातट्रॅक्टर ओढ्याशी सोडला आणि आम्ही पाण्यात उतरलो. पाणी छातीपर्यंत! मावशीने केळीच्या पानात बांधलेला पिंड डोक्यावर धरला होता. मधेच तिचा पाय घसरला. मी दंड पकडला, तर माझ्यावरच ओरडली, "मला काय धरतोस? पिंड धर!"

पलीकडे जळवांनी पाय रक्तबंबाळ केले. पाऊस थांबेना. चोमदादा मात्र एका राळेच्या झाडाकडून दुसऱ्याकडे शांतपणे चालला होता. प्रत्येक बुंध्यात राळेसाठी कोरलेला आणि जाळून काळा केलेला खड्डा होता, त्यात ताजी राळ साचलेली. दुपारी झाडी विरळ झाली आणि वेलींच्या गर्दीतून दगडी शिखर डोकावलं.

"मावशी, आलं!" मी ओरडलो आणि पळत सुटलो.

"थांब, गाढवा!"

चोमदादाने मागून कॉलर ओढली. मी चिखलात आपटलो. माझं डोकंच फिरलं.

"देऊळ शंभर पावलांवर आहे, दादा!"

"देऊळ नको बघूस. झाड बघ!"

पुढच्या झाडाच्या बुंध्यातही खड्डा होता, पण साल वाढून तो बुजत आला होता. त्यापुढचाही. त्याच्याही पुढचा.

"अशी दांडगी राळेची झाडं कोणी फुकट सोडतं का?" चोमदादा हळूच म्हणाला. "इथे कित्येक वर्षांत कोणी पाऊल टाकलेलं नाही. जमिनीत युद्धातले सुरुंग आहेत."

मी चिखलातच मागे सरकलो. अजून दोन ढांगा टाकल्या असत्या तर!

मावशी शिखराकडे बघत उभी राहिली. इतकी वर्षं वाट पाहिली आणि आता शंभर पावलं कमी पडत होती. मला रडूच आलं.

"जाऊ दे," शेवटी ती म्हणाली. "एक माणूस इथे ठेवलाय, दुसरा नाही ठेवायचा. आणि विहारात तरी पिंड कुठे ठेवतो आपण? फेकतोच ना?"

असं म्हणून तिने हात मागे नेला. चोमदादाने कान झाकले, मी डोकं खाली घातलं. भाताचा गोळा दहा हातांवर पडला, पच्च! एवढंच. मावशी खो खो हसली. मग तोंडाभोवती हात धरून तिने हाक मारली.

"हेंग! ए हेंग! मी आलेय, सावोन! ते जुनं गाव सोडलं आम्ही. आता ओढ्यापलीकडे राहतो, फणसाजवळचं घर. भात केलाय, मासळीची आमटी केलीय. तापबीप विसर आणि चल!"

तिने तीनदा हाक मारली. मग वळली आणि आमच्याही पुढे चालू लागली. एकदाही मागे पाहिलं नाही. परतीच्या ओढ्यातही ती घसरली नाही.

चोमदादाने ट्रॅक्टर सुरू केला. मी ट्रॉलीत मावशीशेजारी पाय पसरून बसलो, तशी तिने कोपर मारलं.

"सरक जरा! सगळी फळी अडवलीस, तो कुठे बसणार?"

मी कडेला सरकलो. चोमदादाने मागे वळून पाहिलं, आमच्यामधल्या रिकाम्या जागेकडे बघून मान लववली आणि ट्रॅक्टर अगदी सावकाश हाकला.