चढावरचा लाल दिवा

गिल्दार्दोच्या जीपचं दुखणं ऐकून रुबिएलाला आधी हसूच आलं.

"ब्रेकवर पाय नसतो, तरी मागचा लाल दिवा पेटतो," तो म्हणाला. "आणि सगळीकडे नाही हं कोमाद्रे. फक्त खडकाच्या वळणावर. तेही चढताना."

"चढताना ब्रेक कोण दाबतं?"

"अहो, तेच तर विचारायला आलोय!"

गिल्दार्दोच्या मुलीच्या, मार्लेनीच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेऊन उभी राहिली होती ती रुबिएला. तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. या नात्यात एकमेकांना फाडफाड बोलायची मुभा सख्ख्या भावंडांपेक्षा जास्त असते आणि रुबिएला ती पुरेपूर वापरायची. कालार्का गावाच्या बाजारामागे तिचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. डोंगरातल्या जुन्या जीपा कॉफीची पोती, केळ्यांचे घड आणि मागच्या बंपरवर लोंबकळणारी माणसं घेऊन खाली यायच्या आणि दिव्यांच्या तक्रारी घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या.

तिने दिव्याचं होल्डर उघडलं आणि कपाळावर हात मारला. पत्र्यावर ताज्या पिवळ्या रंगाचा जाड थर होता. ड्रायव्हरांना सांभाळणाऱ्या कार्मेन मातेचा सण जवळ आला की इथला एकूण एक ड्रायव्हर जीपला नवा रंग देतो, कारण मिरवणुकीत पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडणार, शेजारची जीप आपल्यापेक्षा उजळ दिसली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागणार.

"जीप नटवा, नको कोण म्हणतंय. पण होल्डरच्या बुडाखालीसुद्धा रंग फासायचा? दिव्याला अर्थिंग मिळणार कुठून? मग करंट भलत्या वाटेनं जातो आणि भलताच दिवा पेटतो."

ती सुरीने खरवडायला लागली. पिवळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली लाल, त्याखाली हिरवा, अगदी तळाशी गिल्दार्दोच्या बापाच्या तरुणपणीचा राखाडी. खाली चकचकीत पत्रा दिसला तेव्हा तिने होल्डर घट्ट बसवलं आणि गिल्दार्दोला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी तो परत हजर.

"पेटला. बंपरवर उभ्या असलेल्यांच्या पोटऱ्या लालभडक झाल्या. ते पत्र्यावर थापा मारून विचारतात, थांबवतोस कशाला? दोन बायका तर मध्येच उतरून चालत गेल्या. म्हणे जीपमध्ये काहीतरी आहे. आमच्या संघटनेचा म्होरक्या म्हणतो, दुरुस्त कर, नाहीतर प्रवासी घ्यायच्या रांगेत उभा राहू नकोस. रांग गेली तर खायचं काय, कोमाद्रे? बापाचं औषध कुठून आणू?"

आता रुबिएला हसली नाही. ब्रेकच्या दिव्याचा स्विच या जीपला पेडलपाशी नसतो, तो ब्रेकच्या नळीवर असतो. पाय दाबला की नळीतल्या तेलाला दाब येतो, दाबाने स्विच जुळतो, दिवा लागतो. तिने स्विच बदलला. वायर मुळापासून नवी ओढली. शेजारच्या ब्रेकवाल्याकडून चारही चाकं उघडून घेतली. त्याला तिथे धड घाणसुद्धा सापडली नाही. मग ती स्वतः जीपमध्ये बसली. बसली म्हणजे काय, गिल्दार्दोच्या पायांशी आडवी झाली आणि तळवा ब्रेकच्या पेडलखाली घालून राहिली.

"कुणी पाहिलं तर काय म्हणेल?" तो म्हणाला.

"म्हणू दे. तू रस्त्याकडे बघ."

खडकाचं वळण आलं. डावीकडे ओली कातळभिंत, उजवीकडे दरी. पेडल हललं नाही, तिच्या तळव्याला केसभरही जाणवलं नाही. तरी मागे कुणीतरी ओरडलं, "पेटला!" आणि तिला दुसरंच काही कळलं. जीप जड झाली. चाकांना कुणीतरी अलगद धरून ठेवलं, क्षणभर, आणि सोडून दिलं.

वर पोचल्यावर तिने मागच्या चाकाच्या ब्रेक-ड्रमला बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं. चढ चढून आलेल्या जीपचा ड्रम तापतो कशाला?

म्हणजे दिव्यात बिघाड नव्हताच. दिवा खरं तेच सांगत होता. ब्रेक लागत होता.

हे तिने गिल्दार्दोला सांगितलं नाही. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला. सणाच्या सकाळी त्याने विनवलं, "वायरच तोडून टाका. आजच्या दिवशी तरी लोकांना दिसायला नको." तेव्हा तिने मुकाट्याने पक्कड घेतली, वायर तोडली, दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली. मिरवणूक झाली, भोंगे वाजले, फुगे फुटले. दुपारी गिल्दार्दोने तिला जेवायला वर आपल्या घरी आणून सोडलं आणि तो पुढच्या फेरीला खाली गेला.

घर दरीच्या अलीकडच्या कडेला होतं. लाकडी व्हरांड्यातून समोर दरीपलीकडचा रस्ता दिसायचा: खडकाचं वळण, पुढे बांबूचं दाट बेट, आणि बेटातून बाहेर पडून घराकडे येणारा उघडा तुकडा. व्हरांड्यात गिल्दार्दोचा बाप लिओनिदास खुर्चीत बसलेला असायचा. उभा जन्म त्याने हीच जीप याच रस्त्यावर चालवली. झटका आल्यापासून तो बोलत नव्हता, माणसं ओळखत नव्हता. गिल्दार्दोची बायको एदिल्मा त्याला चमच्याने सूप भरवत होती.

समोर पिवळी जीप वळणापाशी आली. म्हाताऱ्याचा उजवा पाय पुढे सरकला आणि फळीवर दाबला गेला.

दरीपलीकडे लाल ठिपका पेटला.

पाय सैल पडला. ठिपका विझला.

"हे काय करतात?" रुबिएलाने विचारलं.

"पाय मारतात अधूनमधून. डॉक्टर म्हणाले, शिरा आखडतात." एदिल्माने त्याची हनुवटी पुसली. "ताई, मक्याची भाकरी घ्या ना अजून."

जीप दारात आली तशी रुबिएला धावत मागे गेली. टेप जशीच्या तशी होती. तोडलेली टोकं एकमेकांपासून वीतभर लांब. दिव्याची काच कोमट होती.

"कोम्पाद्रे, आता पुरे. आज आणखी फेरी नको."

"आणि मार्लेनी? ती बँडबरोबर खाली आहे, ढोल घेऊन. तिला काय चालत आणू?" तो हसला. "तुमचा चेहरा का असा? सण आहे, जरा हसा!"

काय सांगणार होती ती? तुझ्या बापाचा पाय दाबला जातो म्हणून जाऊ नकोस? तिचं तिलाच ते पटत नव्हतं. तो गेला.

संध्याकाळच्या आधीच धुकं चढलं. रुबिएला बसू शकेना. ती कठड्याशी जायची, परत यायची, म्हाताऱ्याच्या पायाकडे बघायची.

मग खालून इंजिनचा आवाज आला आणि जीपचे पुढचे दिवे वळणाशी दिसले.

पाय पुढे सरकला. दाबला गेला. लाल ठिपका पेटला.

या वेळी पाय उठला नाही.

समोर जीप उभी राहिली. इंजिन गुरगुरलं, चाकं जागची हलली नाहीत. माणसं खाली उतरून ढकलू लागली. धुक्यातून हाका येत होत्या. त्यात मार्लेनीचा आवाज दोघींनीही ओळखला.

"बंद पडली का?" एदिल्मा कठड्याला धरून म्हणाली. "नेमकी वळणावर? मागून कुणी आलं तर दिसणारसुद्धा नाही!"

मागून कुणीतरी येतच होतं. खाली ट्रकचा भोंगा वाजला. अजून दूर होता, पण वर चढत होता.

म्हातारा घामाने भिजला होता. खुर्चीचे हात त्याने घट्ट आवळले होते, मांडी थरथरत होती.

"पाय काढा," रुबिएला म्हणाली. "लिओनिदासबाबा, पाय काढा. तुमची नात आहे त्यात."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओळख असल्यासारखं पाहिलं आणि मान हलवली. नाही.

ट्रकचा भोंगा पुन्हा वाजला, जवळून.

"एदिल्मा, धर. इकडून धर!"

"ताई, काय करताय?"

"धर म्हणते ना!"

एदिल्माला काही कळलं नाही, तरी ती वाकली. दोघींनी घोटा पकडला. तो हाडकुळा पाय फळीत रुतल्यासारखा होता. रुबिएलाने जीव खाऊन ओढला. म्हाताऱ्याच्या घशातून बारीक आवाज निघाला आणि पाय सुटला.

लाल ठिपका विझला.

माणसं चढली. कुणीतरी खुशीत ढोलावर थाप मारली. जीप निघाली, वळण पार झालं, बांबूच्या बेटात शिरली. मागून ट्रक आला आणि मोकळ्या वळणावरून सुखरूप, बेटाआधीच दुसऱ्या फाट्याला वळला.

"सुटली बाई," एदिल्मा म्हणाली आणि रडत रडत हसली. "मी चॉकलेट गरम करते. पोरगी भुकेलेली असेल."

रुबिएला उघड्या तुकड्याकडे बघत राहिली. बांबूचं बेट काही मोठं नव्हतं.

इंजिनचा आवाज येत होता. मग येईनासा झाला. उघडा तुकडा रिकामाच होता.

आतून चॉकलेटचा वास आला. भांड्यात रवी फिरत होती.

मागे खुर्ची करकरली. म्हाताऱ्याने उजवा पाय सावकाश मागे घेऊन डाव्याशेजारी ठेवला. मग समोरच्या रिकाम्या हवेत हात पुढे केला, दोन बोटांत काहीतरी धरलं, आणि गाडी बंद करताना किल्ली फिरवतात तसं मनगट फिरवलं.