मायाप्पाची शरणागती

काठी मानेमागे आडवी टाकून, तिच्या दोन्ही टोकांवर हात लोंबते ठेवून मायाप्पा मेंढरांमागून चालला होता, तेव्हा ते यंत्र त्याच्यासमोर उतरलं. धनगर जन्मभर असाच चालतो. यंत्राला मात्र एवढंच दिसलं, की माणसाने दोन्ही हात वर केले आहेत.

“आपली शरणागती स्वीकारली आहे,” ते रेडिओवरच्या बातम्यांसारख्या शुद्ध मराठीत म्हणालं. “आता आपल्यावर हल्ला होणार नाही.”

शत्रूच्या या उडत्या यंत्रांनी सगळा माळ धास्तावला होता. पण त्यांच्याही नाकात एक वेसण होती. देशोदेशींनी मिळून करार केला होता, की प्रत्येक हत्यारी यंत्रात ‘शरणपारख’ बसवलीच पाहिजे. हात वर केलेला सैनिक दिसला की शस्त्र बंद, आणि गाडी येईपर्यंत त्याची राखण. ती पारख घडवणाऱ्या शहाण्यांनी हजारो सैनिकांचे हात तपासले असतील, धनगराची काठी काही कुणाला सुचली नाही.

“आरं बाबा, मी शिपाई न्हवं. मेंढरं राखतोय.”

“तशी नोंद करू का? मग आपण मोकळे. मी निघून जाईन.”

मायाप्पाचं गाव उठून दोन महिने झाले होते. ट्रक आले, माणसं गेली, मेंढरं ट्रकात घेईनात म्हणून तो एकटा मागे राहिला. तेव्हापासून त्याच्याशी बोललेलं हे पहिलंच कुणी. यंत्र होतं, शत्रूचं होतं, तरी ते जाऊ नये असं त्याला वाटलं. त्याची त्याला लाजही वाटली.

“आन् न्हाई केली नोंद, तर?”

“तर आपण युद्धकैदी. दुपारी आमची गाडी येऊन आपल्याला छावणीत नेईल. अन्न, औषध मिळेल. घरच्यांना पत्र पाठवता येईल.”

“घरचा कुठं ऱ्हातो, त्येच ठावं न्हाई.”

“नाव आणि तोंडवळा सांगा. शोधकचेरी माणूस हुडकून पत्र त्याच्या हातात देते. कैद्याचा तो हक्क आहे.”

बारा वर्षांपूर्वी मायाप्पाचा मुलगा सिदू त्याला म्हणाला होता, मेंढरं विक आणि माझ्यासंगं शहरात चल. बापाने त्याला शिव्या घालून हाकललं. पुढे बापाने पुष्कळांना विचारलं, पण पोराचा ठावठिकाणा लागला नाही.

“मेंढरांचं काय हुईल?”

“करारात मेंढरांचा उल्लेख नाही.”

चाळीस मेंढरं होती. प्रत्येकाचं ओरडणं तो डोळे मिटून ओळखायचा. त्याने ती पाझर तलावाकडे वळवली आणि मोकळी सोडली. दोन-तीन पुन्हा मागे आली, त्यांना त्याने दगड मारून पिटाळलं. परत आला तेव्हा तो रडत होता आणि डोळेही पुसत नव्हता.

“ऱ्हाऊ दे नोंद. मी शिपाई हाय.”

“पत्राचा मजकूर सांगा. पंचवीस शब्द.”

मायाप्पाने बराच विचार केला. “मेंढरं सोडली, म्हणून लिव. खाली ‘तुझा बा’.”

“एकवीस शब्द शिल्लक आहेत.”

“असू देत.” दूरवर धूळ उडाली, गाडी येत होती. तो उठला आणि यंत्राजवळ गेला. “पोरानं वाचून जबाब द्यायलाच पायजे, असा काय नियम हाय का रं तुमच्यात?”