सुई कायले हलते

अठ्ठ्याहत्तर साली रिसोडच्या आमच्या कॉलेजात होकायंत्रं कमी पडली आणि सरांनी मला उदयसिंगच्या टेबलावर बसवलं. तोवर मी त्याला एसटीत फक्त पाठमोरा पाहिला होता. पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा, उंच, कमी बोलणारा... आणि हसला की पाहतच राहावं असा.

प्रयोग सोपा होता. तारेतून वीज सोडायची आणि खालच्या होकायंत्राची सुई किती वळते ते पाहायचं. आमची सुई मात्र आधीच वळायची.

"सेल तर बंद आहे," मी म्हटलं. "मंग हे सुई कायले हलून राह्यली?"

"तुले पाहून," तो म्हणाला.

मी लाजले, रागावले... आणि मग माझ्या लक्षात आलं. त्यानं उजवा हात मागे घेतला की सुई गुमान उत्तरेला जायची. त्याच्या बोटात घोड्याच्या नालेची काळी, लोखंडी अंगठी होती.

"काढ ते."

"शनीसाठी मायनं घातली. आंघोळीलेही काढत नाई मी."

मग हिवाळाभर तो उजवा हात पाठीमागे धरून, डाव्या हातानं बटण दाबत राहिला. आकडे मी वाचायची, पण जीव त्या पाठीमागच्या हातात अडकलेला असायचा. परीक्षा झाली की तो नागपूरला वीजकेंद्रात नोकरीला जाणार होता. जाण्याआधी त्यानं एक शब्द तरी बोलावा, एवढंच मला हवं होतं.

शेवटच्या दिवशी परीक्षेच्या प्रॅक्टिकलला त्याचे दोन्ही हात टेबलावर होते. बोटावर अंगठीचा फिकट वळ तेवढा उरला होता.

"अंगठी?"

"तुहे मार्क जायले नको."

संध्याकाळी एसटी स्टँडवर त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली.

"आमी बौद्ध," मी हळूच म्हटलं. "आमच्या घरी शनी चालत नाई."

"मंग शनीची नको समजू... माही समज. घ्याले येईन मी."

निकालाच्या दिवशी मी प्रयोगशाळेत डोकावले. तो अजून नागपूरहून आला नव्हता. टेबलावर नुसतं होकायंत्र होतं. अंगठी धरलेली मूठ मी जवळ नेली, तशी सुई वळली.

"अंजना, तार नाही, सेल नाही," मागून सर म्हणाले. "वीज आहे कुठं?"

"नागपूरले, सर."