पासवर्ड आठवत नाही

कुणाचा विश्वास बसणार नाही, नातबाई, पण मी तुझ्या आजीच्या प्रेमात पडलो तेव्हा कीबोर्डला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं, आणि तरी पडद्यावर शब्द उमटत होते... एकामागून एक.

मी तेव्हा बस डेपोच्या कचेरीत होतो. दोनशे ड्रायव्हरांच्या पाळ्या एका एक्सेल फाइलमधून लागायच्या. बटण दाबलं की आतला मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, महिन्याचा तक्ता आपोआप मांडून द्यायचा. तो लिहिला होता आमच्या जुन्या हेडक्लार्कनी, मास्तरांनी. कोडच्या पहिल्या ओळीत त्यांचं नावही होतं. निवृत्त होताना त्यांनी कोडचा पासवर्ड मला कानात सांगितला. आणि मी? हे माझंच डोकं, असं सांगत सुटलो. त्यावर बढतीसुद्धा घेतली. आजही आठवलं की मान वर होत नाही.

मग सुट्ट्यांचे नियम बदलले आणि कोड बदलायला मुख्य कचेरीतून ती आली. जिन्यात माझ्यावर आदळली, ओढणी सावरत म्हणाली, "पाळ्यांचा तक्ता तुमचाच ना? एकाही ड्रायव्हरला रात्रपाळीनंतर लगेच पहाट येत नाही. असं लिहिणारा माणूस मनाने चांगला असणार."

मी... हो म्हणालो.

"पासवर्ड?"

"विसरलो."

"बरं," ती म्हणाली आणि एक प्रोग्रॅम लिहिला. तो स्वतःच कळा दाबल्यासारखं करायचा: पासवर्डची चौकट उघड, शब्द टाक, एंटर, चुकला, पुढचा. अट एकच, तो चालू असताना कशालाही हात लावायचा नाही. म्हणून आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून शेजारी शेजारी.

"शब्दांची यादी द्या. आवडतं फूल?"

"शेवंती."

"घरी काय म्हणतात?"

"...गोट्या."

"वाटलंच. आणि, म्हणजे... एखादी मुलगी?"

"नाही कुणी."

"'नाही कुणी'. हेही घालते," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. कानाची पाळी मात्र लाल.

एकदा माझं कोपर माउसला लागलं आणि 'गोट्या', 'नाही कुणी' सगळं मागे उघड्या असलेल्या डेपो मॅनेजरच्या पत्रात जाऊन पडलं. ती पोट धरून हसली. रोज तिची खुर्ची चार बोटं जवळ यायची. शब्द चुकला की मला हायसं वाटायचं, आणि पाठोपाठ स्वतःची किळस. कारण कोड उघडला तर मी चोर ठरणार होतो, आणि नाही उघडला तर ठपका घेऊन ती परत जाणार होती.

चौथ्या दिवशी तिची गाडी होती. चार वाजता मी उठलो. तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, कोड मास्तरांचा आहे, मी खोटारडा, हा घ्या पासवर्ड. तिने माझा हात...

"खोटं." आजी दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. "चार वाजता पोट दुखतंय म्हणून घरी पळालात तुम्ही. जुने हेडक्लार्क म्हणून मी मास्तरांना फोन केला होता, त्यांनी पासवर्ड सांगितला. पहिल्याच दुपारी."

"पहिल्याच... मग चार दिवस ते सगळं?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले होते. अजून थांबलेय."